आमच्यात असलं काही नाही

सुमतीच्या गालांवरचा लाल चट्टा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने बरा करून झाला होता. थोरला काका भिवाजी याने उष्णता ठरवून तिला सब्जा प्यायला लावला. आजी मनुबाईने मीठमोहरी उतरवून निखाऱ्यावर टाकली आणि तडतड जरा जास्त झाली म्हणून शेजारच्या दोन घरांशी बोलणं सोडलं. शीलाआत्याने डोंबिवलीहून मलमाची ट्यूब पाठवली. तिच्या सासरी ती कुणाच्याच कामाला आली नव्हती, म्हणून उरली होती. चट्टा मात्र नाकाच्या दोन्ही बाजूंना पंख पसरून बसला तो बसलाच. मग बोटांचे सांधे सुजले, ताप येऊ लागला, विंचरताना केस फणीतच राहू लागले. दिवाळीनंतर पावलं सुजली, तेव्हा शालनने एक दिवस बाजार बुडवला, घरातल्या कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता लेकीला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणि आजाराचं नाव घेऊन परत आली. ल्युपस.

हे नाव कोळीवाड्यात पोचेपर्यंत त्याची शेपटी गळाली. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात कुजबुज सुरू झाली, की विश्रामच्या पोरीला लूप बसवलाय. कुटुंबनियोजनवाल्या बायांनी एके काळी सगळ्या वाड्याला मूल राहू नये म्हणून बसवायच्या लूपची ओळख करून दिलेली असल्याने कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. साखरपुडा झालेली, बी.कॉम.ला असलेली मुलगी, वैशाखात लग्न, आणि तिला लूप! शालनने पापलेटं मांडता मांडता दोघीतिघींना खरं काय ते सांगितलं. शरीरात जंतूंशी लढणारं जे काही असतं, ते पोरीच्या अंगावरच उलटलंय, मूत्रपिंडालाही थोडी इजा झालीय. बायांनी ऐकून घेतलं. पण लूपमध्ये जी गोडी होती ती मूत्रपिंडात नव्हती. शालनच्या लक्षात आलं, की आपण खरं सांगतोय म्हणूनच कुणी विश्वास ठेवत नाही.

घरात नावावरून वाद नव्हता. घरात प्रश्न एकच होता, हे आलं कुणाकडून. आणि त्याचं उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार होतं.

"आमच्यात असलं काही नाही," भिवाजी म्हणाला.

भिवाजी कंपनीतून निवृत्त होऊन वाड्याच्या कमिटीचा अध्यक्ष झालेला, त्यामुळे घरातही तो ठराव मांडल्यासारखाच बोले. त्यांच्यात मधुमेह होता, मूळव्याध होती, बापाच्या काळापासून चाललेला एक दावा ठाण्याच्या कोर्टात होता. पण असलं काही नव्हतं. अनुमोदन मनुबाईने दिलं. राहिलं होतं शालनचं माहेर. ते कल्याणला, खाडीच्या काठी. लग्न होऊन आली तेव्हा शालनच्या हाताचं कालवण पातळ झालं तर ते कल्याणचं असे, सुमती उशिरा चालायला लागली ते कल्याणमुळे, आणि शालनचं तोंड चालतं तेही तिकडचंच. एवढ्या सवयीच्या वाटेने आता ल्युपसही आला, यात घराला काही नवल वाटलं नाही.

नवऱ्याकडून शालनला कधी आधार मिळाला नव्हता, त्यामुळे त्याचीही तिला सवय होती. विश्राम खोपटच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते दिवसभर माईकवरून खणखणीत आवाजात सांगायचा, आणि घरी आला की स्वतः कुठल्याच फलाटावर लागायचा नाही. आई बोलली की आईकडे बघायचा, भाऊ बोलला की भावाकडे. बायको बोलली की त्याला चहाची आठवण व्हायची.

इस्पितळात सुमतीला बघणाऱ्या डॉक्टर ज्युलियाना उत्तनच्या, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातल्या. त्यांचं ल्युपसच्या कुटुंबांवर काही संशोधन चाललं होतं. आईबापाकडच्या जितक्या लोकांचं रक्त मिळेल तितकं हवं, असं त्यांनी शालनला सांगितलं. शालनने ते घरी सांगितलं, तेव्हा या मूर्खपणाला एकमुखाने विरोध करायला भिवाजीने रविवारी सगळ्यांना बोलावलं. शीला नवऱ्याला न सांगता डोंबिवलीहून आली. शालनचा भाऊ गणू कल्याणहून बर्फात घातलेला जिताडा घेऊन आला. मनुबाईने तो उचलून पाहिला आणि हल्ली खाडीत मासा मोठा होतच नाही वाटतं, असं म्हणून स्वीकारला. एवढी माणसं बारशालाही जमली नव्हती. शालनने शनिवारीच नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून डॉक्टरांना कळवून टाकलं होतं, की सगळे एका जागी सापडायचे तर उद्याच सापडतील.

जेवणं उरकून सुपारी कातरली जात होती तेवढ्यात डॉक्टर ज्युलियाना रिक्षातून उतरल्या. हातात थर्मासची पेटी. भिवाजीचा चेहरा असा झाला, जणू त्याने बोलावलेल्या सभेत दुसराच कुणी अध्यक्ष म्हणून येऊन बसलाय. पण दारी आलेल्या डॉक्टरला, त्यातून उत्तनच्या कोळणीला, परत पाठवणं त्याच्याच्याने होईना.

डॉक्टरांनी पाणी घेतलं, मनुबाईला गाव सांगितलं, कुठल्या वाडीचे ते सांगितलं, आणि मग सावकाश मुद्द्यावर आल्या. अंगात जंतू शिरले, की पेशी एकमेकींना खबर देतात. ही खबर पोचवणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक इंटरफेरॉन. खबर पोचली की फौज निघते, जंतू मरतात, खबर थांबते. सुमतीच्या अंगात ती थांबत नाही. जंतू नाहीत, तरी खबर चालूच, मग फौज घरच्यांनाच झोडपते, सांध्यांना, कातडीला, मूत्रपिंडाला. दुसरी प्रथिनं असतात ती मारामारीनंतरचा कचरा उचलतात. त्यातलं सी-फोर नावाचं प्रथिन सुमतीच्या रक्तात फारच कमी आहे. ते आजारात खर्ची पडतंय, की ते बनवणारं जनुकच तिला कमी मिळालंय, हे घरच्यांच्या रक्तावरून कळेल.

काही नसताना खबर उठणं आणि घरच्यांनीच घरच्यांना झोडपणं, हे या घरात कुणाला समजायला अवघड जाऊ नये, असं शालनला वाटलं. पण सगळे गंभीर चेहऱ्याने बसले होते.

"म्हणजे कुणाकडून आलं ते कळेल?" भिवाजीने विचारलं. त्याची नजर गणूवर होती.

"कुणाकडून काय आलं तेवढं कळेल. आजार असा पुडीत बांधून कुणी देत नाही. जनुकं असतात आणि माणूस धडधाकट राहतो, असंही होतं. ऊन, एखादा ताप, अजून आम्हाला न कळलेलं काहीबाही. सगळं जुळावं लागतं."

गणूने शर्टाची बाही वर केली आणि मीच पहिला म्हणाला. चोर कल्याणचाच आहे हे सिद्ध करायला आलेल्या मंडळींना चोराने स्वतःहून खिसे उलटे करून दाखवावेत, तसं झालं. मग शालनने हात पुढे केला. विश्रामने भावाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि शेवटी, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून, लेकीकडे बघितलं. सुमती खिडकीपासून लांब, सावलीत बसली होती. उन्हात जायचं नाही असं सांगितल्यापासून ती घरातही कडेकडेने चालायची. विश्राम उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. भिवाजीला त्याच क्षणी कमिटीची तातडीची बैठक आठवली. मनुबाई म्हणाली की तिच्या अंगात रक्तच नाही, सगळं या घराने प्यालं.

रक्त घेता घेता डॉक्टर सगळ्यांनाच विचारत होत्या. घरात आणखी कुणाचे सांधे दुखतात का, कुणाला उन्हाने चट्टे उठतात का, कुणाची मुलं पोटात असताना गेली का.

"नाय," मनुबाई म्हणाली. "आमच्यात नाय."

शीला आल्यापासून कल्याणच्या पाण्याबद्दल बोलत होती. नदीत वरून कारखान्यांचं काय काय सोडतात, ते पाणी पिऊन वाढलेल्यांच्या रक्तात काय असणार, वगैरे. ते बोलणं तिने अर्ध्यात सोडलं. तिने हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, विश्राम ज्या खुर्चीतून उठला होता तिच्यात बसली आणि आईकडे न बघता म्हणाली,

"माझी तीन गेली. तिसरं सहाव्या महिन्यात."

मनुबाईने तिला नावाने हाक मारली. त्या हाकेत दम होता, आणि दमाच्या खाली भीती. शीलाच्या सासरी ही गोष्ट आधीच चावून चोथा झालेली होती. पांढऱ्या पायाची, निपुत्रिक, असं सगळं तिला तोंडावर ऐकवून झालं होतं. पण त्याला वैद्यकीय नाव पडलं तर नवऱ्याला दुसरं लग्न करायला कारण मिळेल, हा मनुबाईचा हिशेब. शालनला तो कळत होता. तिला हेही कळत होतं, की गेली कित्येक वर्षं ही नणंद आपल्या माहेराला नावं ठेवताना एवढ्या जोरात का बोलायची. स्वतःबद्दल कुणी विचारू नये म्हणून माणूस दुसऱ्याबद्दल मोठ्याने बोलतो. शालनने पुढे होऊन तिच्या दंडावर रबरी नळी धरली. डॉक्टरांच्या पेटीतला बर्फ पुरेना, तेव्हा जिताड्याखालचा उरलेला बर्फ धुऊन त्यात घातला, आणि ठाण्या-कल्याणचं मिळून रक्त एका पेटीत बसून परळला गेलं.

निकालाला वेळ लागणार होता. तोवर भिवाजीने लग्नाचा विचार केला. त्याच्या मते मुलाकडच्यांना सांगायची काहीच गरज नव्हती. गोळ्या चालू आहेत, चट्टा पावडरीखाली झाकेल, लग्न झाल्यावर पोरगी त्यांची, मग आजारही त्यांच्यात निघाला असं म्हणता येईल. हे तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला. शालनने त्याला विचारलं, की मग तेही आपल्यासारखंच म्हणतील ना, पोरीच्या माहेरचं आहे म्हणून. भिवाजीला यातला मुद्दा कळला नाही.

सुमतीला कळला. एका दुपारी ती छत्री घेऊन एकटीच डोंबिवलीला गेली, आणि नवऱ्या मुलाला त्याच्या ऑफिसखालच्या हॉटेलात बसवून सगळं सांगून आली. गोळ्यांनी चेहरा गोल होईल, मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागेल, हा आजार जाणारा नाही, सांभाळायचा आहे. मुलगा फार सुशिक्षित होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, तिच्या धैर्याचं कौतुक केलं, बिलही त्यानेच दिलं. आठवड्याने त्याच्या मामाने येऊन, अत्यंत सभ्यपणे, अंगठी परत नेली.

त्या संध्याकाळी सुमती मोरीत तोंड धूत बराच वेळ उभी होती. शालन मागे जाऊन थांबली. लेकीने तोंड पुसलं आणि विचारलं, "आई, मी न सांगता लग्न केलं असतं तर त्याने मला ठेवलं असतं का?"

"ठेवलं असतं," शालन म्हणाली. "तुझ्या आजीने मला ठेवलंय तसं."

सुमती हसली, मग रडली. शालनला त्या मुलाला खाडीच्या चिखलात गाडावंसं वाटलं. तरी मुलगी रडून झाल्यावर पोटभर जेवली, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

निकाल ऐकायला शालन, विश्राम आणि शीला गेले. डॉक्टरांनी कागदावर चौकटी काढून दाखवलं. सी-फोरच्या एका प्रकाराचं जनुक सुमतीला दोन्हीकडून मिळायला हवं होतं, ते एकाही बाजूने मिळालेलं नाही. आईकडून आलेल्या वाट्यात ते गायब, बापाकडून आलेल्या वाट्यातही गायब. शालनमध्ये एक गायब, एक शाबूत. गणूमध्ये तसंच, आणि गणू तर रोज खाडीत होडी हाकतो. विश्राममध्ये एक गायब. शीलामध्येही एक. शिवाय शीलाच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं सापडली होती, ज्यांनी गर्भाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या गुठळ्या होतात. पोटातली मुलं बहुतेक त्यानेच गेली. पुढच्या खेपेला सुरुवातीपासून अॅस्पिरिनची छोटी गोळी आणि इंजेक्शनं चालू ठेवली तर मूल हाताला लागायची आशा आहे. खात्री नाही, आशा.

शीला कागदाकडे बघत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, की हे असं चौकटी काढून तिच्या नवऱ्याला कुणी समजावून देईल का. डॉक्टर म्हणाल्या, घेऊन या. विश्राम म्हणाला, "मी घेऊन येतो त्याला."

शालनने वळून बघितलं. आवाज माईकवरचा होता.

घरी गेल्यावर त्याने त्याच आवाजात आई आणि भावाला सांगितलं, की निम्मं आपल्याकडचं आहे. मग भिवाजी म्हणाला, प्रयोगशाळेत बाटल्या बदलतात. मनुबाई काहीच म्हणाली नाही, आणि हे शालनला जास्त विचित्र वाटलं. पुढचे काही दिवस म्हातारी जेवली कमी, बोलली त्याहून कमी. कालवणाला नाव ठेवलं नाही. एका सकाळी बाजारातून आल्यावर शालनला ती नवं लुगडं नेसून दारात बसलेली दिसली.

"त्या बायकडं चल. माजं रगात घे बोल तिला. भिवाजीला नको बोलूस."

इस्पितळात सुई टोचल्यावर तिने हूं की चूं केलं नाही. नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत बसली. आणि मग डॉक्टरांना विचारलं, सुमतीसारखे गाल, सुजलेले पाय, मुठीने गळणारे केस, असं असताना पोरीला रोज उन्हात मासळी वाळवायला बसवलं, तर काय होतं.

डॉक्टरांनी कुणाबद्दल ते विचारलं.

"माजी जनी. शीलाच्या आदली. सतरा वर्सांची व्हती. लोकं बोलली, आळशी हाय, सोंग करते." ती थांबली. "मीच बोलले. लोकं कुटली."

शालनने या घरात एवढी वर्षं काढली होती. जनीचं नाव तिने फक्त एकदोनदा ऐकलं होतं. तापाने गेली, एवढंच. डॉक्टर म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, आणि तेव्हा यावर औषधही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारीने मान हलवली. ती आजाराबद्दल विचारतच नव्हती. दंडावर कापूस दाबून धरत तिने पुढचं विचारलं, की हे आमच्याकडे आलं ते माझ्यातून, का धन्यातून. धनी म्हणजे गोमाजी, तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. रक्त द्यायला तो येणार नव्हता. तिने डॉक्टरांना बजावलं, की माझं काय निघेल ते हिला सांगा. मला तुमच्या चौकटी कळायच्या नाहीत.

काही आठवड्यांनी शालन सुमतीच्या गोळ्या आणायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिला ते सांगितलं. त्यात शंकेला जागा नव्हती. ज्या वाट्यात ते जनुक नाही, तो वाटा विश्रामला आणि शीलाला मनुबाईकडूनच आलेला होता. म्हातारीला स्वतःला सत्तरी उलटेपर्यंत साधी सांधेदुखी नाही, पण मुलांत वाटलं ते तिनेच.

शालन खोपटपर्यंत बसने आली आणि तिथून घरापर्यंत चालत निघाली. असा दिवस मिळावा म्हणून तिने कुठल्या देवाला नवस केला नव्हता, एवढंच. नाहीतर कमी काही नव्हतं. वाटेत तिने वाक्यं जुळवली. एक साधं होतं, एक टोचणारं, एक तर असं होतं, की कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं. घर येईपर्यंत टोचणाऱ्यावर तिचं मन बसलं होतं.

मनुबाई ओट्यावर बसली होती. तिने शालनच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग तोंडाकडे. लुगड्याचा पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मामंजींकडून आलंय," शालन म्हणाली. "तुमच्यात काही नाही."

म्हातारीचे खांदे खाली आले. बराच वेळ ती खाडीच्या बाजूला बघत राहिली. डोळे पुसले की नाही ते शालनने बघितलं नाही, ती आत जाऊन चूळ भरत राहिली, कारण तिलाही जरा वेळ हवा होता. आपण चांगुलपणा केला की मूर्खपणा, हे तिला ठरवता येईना. विश्रामला आणि शीलाला खरं सांगायचं, आणि हिच्यापुरतं हे असंच ठेवायचं, एवढं मात्र तिने ठरवलं.

चांगुलपणाचं फळ दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळालं. शालन बाजारातून परतली तेव्हा भिवाजीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मनुबाईने वाड्यात चार घरी सांगून झालं होतं, की दुखणं धन्याच्या घराण्यातलं. त्यांची आय पण तसलीच होती, उन्हात निघत नव्हती, आणि लग्नाच्या वेळी हे सगळं लपवून आपल्याला फसवलं. बापाच्या नावाला आयुष्यभर जपणारा भिवाजी लालबुंद होऊन विचारत होता, की घराण्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडताना तिला काही वाटतं का. मनुबाई त्याला सांगत होती, की घराणं तुझं, अब्रू तुझी, ती तर मुळात नायगावची. आमच्या नायगावात असलं काही नव्हतं. भिवाजी नायगावबद्दल जे बोलला त्यावर म्हातारीने त्याच्या आजीचा सगळा इतिहास काढला.

शालनने पाटी उतरवली. आत सुमती सावलीत अभ्यासाला बसली होती, तिने आईकडे बघून भुवया उडवल्या. विश्राम डेपोत जायचा राहून चहा पीत होता, आणि आज पहिल्यांदा त्याला चहाबरोबर हसूही येत होतं.

लग्न होऊन या घरात आल्यापासून शालनने इथे भांडणं पुष्कळ ऐकली होती. पण ज्यात कल्याणचं नावही निघालं नाही, असं हे पहिलंच. तिने हात धुतले, पाट ओढला आणि निवांत ऐकत बसली.